जानेवारीचं उत्तर

— तोंड अजून मोठं उघडा, मिस्टर टियर्नी. हं, असं. बोलू नका, मी सांगते ना. माझ्या टेसाला काल हो आलं! आपल्या इथल्याच कॉलेजचं, घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर. तुम्हाला कळलंच असेल म्हणा, शाळेत पोरांचे अर्ज तुम्हीच तर बघता. बाई बाई, दातांवर केवढं किटण साचलंय, कॉफी कमी करा जरा. तर काय सांगत होते? हां, अर्जांचे नियम. सगळ्या आया इथंच घोळ घालतात. शेजारची वेरोनिका पोराला दोन-दोन बंधनकारक अर्ज भरायला लावत होती — म्हटलं, अगं, एकाच पोराचे दोन साखरपुडे करतेस का? बंधनकारक एकच. तिथून हो आलं की तिथंच जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. पण त्याच्या जोडीला बिनबंधनाचा लवकरचा अर्ज चालतो, म्हणजे हो आलं तरी जायची सक्ती नाही असा, त्या बंधनकारकवाल्या कॉलेजची हरकत नसेल तर. मी दोन्हीकडचे नियम वाचले होते, अगदी बारीक अक्षरातलेसुद्धा. तुम्ही वाचलेत? राहू द्या.

टेसाला ओरेगनला जायचं होतं. देशाच्या पार त्या टोकाला. तिथलं जंगल, तिथला समुद्र, काय नि काय. मी नाही म्हटलं का? मुळीच नाही. म्हटलं, इथला बंधनकारक भर, ओरेगनचा बिनबंधनाचा भर, दोन्ही चालतात, तुझं काही जात नाही. नियमात बसतं की नाही? बसतं. तुमचीही सही आहे त्यावर. आता इथलं उत्तर डिसेंबरात येतं आणि ओरेगनचं जानेवारीत — ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिचे वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच हो. रविवारी पॅनकेक करते, करपवते, आणि करपलेले मलाच वाढते. एकटीसाठी कोण करतं पॅनकेक? — दुखलं का? हात जड पडला, सॉरी.

काल तिला कॉलेजचा स्वेटशर्ट दिला. ऑक्टोबरपासून कपाटात आणून ठेवला होता. घातला तिनं, मिठीसुद्धा मारली. मग ताटल्या पुसता पुसता विचारते, "आई, ओरेगनवाले जानेवारीत कळवतील ना?" म्हटलं, अर्ज मागे घेतल्यावर कशाला कळवतील? तर म्हणाली, "म्हणजे त्यांनी मला घेतलं असतं की नाही, हे कधीच कळणार नाही?" रडली नाही हो. रडली असती तर बरं झालं असतं. कोरडी झालेली ताटली पुसत राहिली नुसती.

आज दुपारी येईल ती तुमच्याकडे, तो अर्ज मागे घ्यायला. तुम्हाला विचारेल, आईला या तारखा माहीत होत्या का? तर तुम्ही — नाही, नाही, तोंडातली नळी काढू नका, बोलू नका म्हटलं ना. तुमचं उत्तर मला ऐकायचंच नाहीये.

गुळणी करा. थुंका. आता जूनमध्ये या.