हद्दीवरचा नारळ

मी वेंगुर्ल्याकडची, माहेर-सासर दोन्ही तिकडचंच, भात, नारळ आणि हद्दीची भांडणं यांवरच वाढले, त्यामुळे काय सांगू तुम्हाला, न्यू जर्सीत मुलाकडे आले तेव्हा पहिलं खटकलं ते हे की दोन घरांमध्ये दगडांचा गडगाच नाय. नुसतं गवत. मी म्हटलं, अरे विनय, आपलं कुठे संपतं, तर म्हणतो, आई, त्या मेपलपर्यंत. झाड म्हणजे काय हद्द? झाड दोन्हीकडे वाढतं.

शेजारीण हेलन, सत्तरीची, एकटी, दिसायला गरीब. ओक ट्री रोडवरच्या आपल्या लोकांच्या दुकानाला मी चपात्या करून द्यायचे, खिडकीशी उभी राहून लाटायचे, त्यामुळे ती काय करते ते सगळं दिसायचं. दिसायचं म्हणजे मी बघायचेच, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी सुनेला, मेघनाला, सातवा लागलेला. आधीचं एक गेलं होतं, माझा जीव मुठीत. आणि ऑक्टोबरात तो मेपल लाल व्हायला लागला, पण कसा, तर आमच्या बाजूची फांदी आधी लाल, हेलनच्या बाजूची हिरवीगार. विनय म्हणाला, फॉल आहे आई, सगळीच झाडं होतात. होतात ते मलाही दिसतंय रे, पण आमचीच बाजू आधी का? मग ती आमच्या अंगणातली गळलेली पानं पोती भरून स्वतःकडे न्यायला लागली. दुसऱ्याचा कचरा कोण नेतं, सांगा. आणि एक दिवस बघते तर बाई हद्दीवर, बरोबर मेघनाच्या खिडकीसमोर, गुडघे टेकून खड्डे करतेय, त्यात कांद्यासारखं काहीतरी पुरतेय, वर पांढरी पूड टाकतेय.

विनय तिला विचारून हसत आला. बल्ब आहेत म्हणे, वसंतात फुलं येतील, आणि पूड हाडांची, खत म्हणून. हाडांची! पोटुश्या बाईच्या समोर हाडं पुरतात आणि हा हसतो. शिवाय सगळं मरायला टेकलेलं असताना पेरणी कोण करतं? आमच्याकडे पाऊस आला की पेरतात. एका खारीनं त्यातला एक कांदा उकरून खाल्ला, तर मी त्या खारीवर लक्ष ठेवलं, मरते का बघायला. मेली नाय. पण खारीचं काय, ती इथलीच.

मग मी दुकानातून नारळ आणला, दुपारी हद्दीवर पुरला आणि देवाला गाऱ्हाणं घातलं. खरं ते बापया माणसानं घालायचं आणि बाकीच्यांनी होय म्हाराजा म्हणायचं, पण इथे म्हणणार कोण. बा देवा म्हाराजा, जा काय कोणी वाकडा केला आसात ता दूर कर, माझ्या सुनेक सुखरूप सोडव रे म्हाराजा. होय म्हाराजा, माझं मीच म्हटलं. मान वर केली तर हेलन दारात उभी. तिनं हात हलवला. मी नाय हलवला.

दुसऱ्या दिवशी माझ्या नारळावर पानांचा ढीग, आमचीच पानं. मी काढली, तिनं परत घातली. मग बर्फ पडला आणि भांडण तिथंच राहिलं.

जानेवारीत नातू झाला, सुखरूप. एप्रिलात तिचे ट्युलिप आले, लालभडक, मेघनाच्या खिडकीसमोर. हेलन रोज झारी घेऊन यायची, फुलांना पाणी घालायची, मग माझ्या नारळावर घालायची आणि वाकून बघत बसायची. शेवटी मेघनानं विचारलं. हेलन म्हणाली, तुझ्या सासूनं इतक्या मनापासून लावलंय, थंडीनं मरू नये म्हणून मी पानं घातली होती, पण अजून कोंब नाही गं. मेघना हसून हसून आडवी झाली. मला हसू नाय आलं, मला रडूच आलं. नारळ कशासाठी पुरला ते तिला खरं सांगायचं धाडस आजवर आमच्या घरात कोणी केलेलं नाय.

नातू आता शाळेत जातो. मेपल अजून आमच्याच बाजूनं आधी लाल होतो, ऊन इकडून लागतं म्हणे, असेल. दर ऑक्टोबरात हेलन बल्ब आणते आणि माझ्यासाठी नारळही तीच आणते, म्हणते, यंदा येईल बघ. यंदा तिचे गुडघे धरलेत, म्हणून खड्डे मी केले. हाडांची पूड तिची तिनं टाकली, मी अजून हात लावत नाय, संशय पुरता गेला असं नाय हां. मग नारळ पुरून मी गाऱ्हाणं घातलं, ती काठी टेकून शेजारी उभी, तिच्या गुडघ्यांचंही घातलं त्यात, देव तिचं बरं करो, आणि मी थांबले की ती मान हलवून म्हणायची, येस, येस. काय कळलं तिला, देव जाणे. पण होय म्हाराजा मला एकटीला नाय म्हणावं लागलं.