ओट्यावरची सभा

दीर : आठवडाभर पोरांनी दारोदार चपला झिजवल्या, वहिनी, आणि तुम्ही एका भाषणात सगळ्यावर पाणी फिरवलंत!

वहिनी : आधी बसा, भावोजी. त्या पोस्टरांवर नको, खळ ओली आहे.

दीर : बसायला नाही आलो. "माझ्या नवऱ्यानं शब्द पाळला नाही" असं भर बाजारात, माइकवर कोण बोलतं? तेही दादा गेल्यावर?

वहिनी : सभा तिथे कुणी ठेवली?

दीर : मी. आयता ओटा दिसला, म्हटलं स्टेजची कटकट नको.

वहिनी : तो ओटा कशाचा आहे?

दीर : कशाचा म्हणजे?

वहिनी : बायकांच्या स्वच्छतागृहाचा. नगरसेवक झाल्या झाल्या यांनी पाया घातला, फोटो काढले, पुढे एक वीट चढली नाही. आणि तुम्ही मला नेमकं त्यावरच उभं केलंत!

दीर : अरे देवा.

वहिनी : भाजीवाल्या खुदुखुदु हसत होत्या. मग एक मावशी म्हणाल्या, "बाई, आम्ही दिवसभर घोटभर पाणी पीत नाही. का, ते विचार." यावर मी तुमचं लिहून दिलेलं भाषण वाचू?

दीर : वाचायचं! दडपून वाचायचं!

वहिनी : शाळेत बक्षिसं वाटली, रक्तदान झालं, मेळावा झाला. सगळीकडे मी हात जोडून उभी आणि बोलताय तुम्ही. फलकावर त्यांचा फोटो हा एवढा, माझा टपाल तिकिटाएवढा.

दीर : मतं दादाच्या नावावर मिळतात. कडू लागेल, पण खरं आहे.

वहिनी : मग पडेन. तोंडाला कुलूप लावून निवडून नाही यायचं मला.

दीर : उद्यापासून पोरं येणार नाहीत. मीही नाही.

वहिनी : नका येऊ. सकाळी मी परत तिथेच जाणार आहे. मावशींना सांगून आलेय.

दीर : एकट्या?

वहिनी : एकटी.

दीर : एवढा राग आहे का हो दादावर?

वहिनी : आहे. आणि आठवणही येते, रोज. दोन्ही आहे, काय करू?

दीर : माणूस वाईट नव्हता तो.

वहिनी : नव्हतेच. राहून गेलं त्यांच्याकडून. म्हणून तर मला ते बांधायचंय.

(दीर खुर्ची ओढून बसतो.)

दीर : माइकला वीज कुठून घेणार? आज ज्यानं दिली तो दुकानदार आता दारात उभं करणार नाही.

वहिनी : माइक नकोच. त्यांच्यात बसून बोलेन.

दीर : मग मी येऊन काय करू?

वहिनी : त्या बोलतील ते ऐका.