सरड्यांचं सुतक

सरड्याला सुतक असतं का, राव? दादा गेला तेव्हा मी घरात प्रत्येकाला हे विचारलं.

दादाने काचेच्या पेटीत दोन सरडे पाळले होते. अंगठ्याएवढे, वाळक्या पानासारखे दिसणारे. शिफ्टवरून आला की तो आधी त्यांच्या पानांवर पाणी फवारायचा, मग रातकिडे सोडायचा. काका गावाहून आले आणि त्यांनी रातकिड्यांचा डबा गॅलरीतून खाली ओतला.

"सुतकात घरात जीवहत्या नाही."

"काका, ते दुसरं काही खात नाहीत."

"भूक लागली की काकडी खातील."

आणि खरंच काकडी चिरून ठेवली, शहाण्या माणसाने! स्वतः मात्र रोज संध्याकाळी नाक्यावर ऑम्लेट-पाव हाणून यायचे. विचारलं तर म्हणाले, "अंड्यात जीव नसतो."

अग्नी मी दिला होता, म्हणून दहा दिवस मला घराबाहेर पडायची बंदी. मी नुसतं पाणी फवारत राहिलो. दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी दोघंही पेटीत मरून पडले होते.

दहाव्याला गावी, निघोजला, नदीवर काकांनी दादासाठी पान वाढलं. भजी, जिलेबी, सगळं त्याच्या आवडीचं. मी काठच्या गवतातून दोन रातकिडे धरले आणि त्याच पानाच्या कडेला ठेवले.

"अरे, हे काय?" काका ओरडले.

"सरड्यांच्या आवडीचं," मी म्हणालो. "तुमच्या दहाव्याला काकडी वाढतो."