शून्य म्हणजे राखीव

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर चंद्रप्रकाश वालावलकर, व्यासपीठावर विराजमान आपल्या रक्तपेढीचे विश्वस्त शिवदासकाका, आज निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती रत्नप्रभाताई, माझे सहकारी आणि समोसे गार होतायत म्हणून दाराकडे बघणाऱ्या तमाम मुलुंडकर बंधुभगिनींनो, नमस्कार!

मी मीरा. खालच्या काउंटरवर रक्ताच्या पिशव्या देते. ताईंचं काम डेटाबेसचं, मग भाषणाला मी का? कारण डॉक्टर म्हणाले, "कॉम्प्युटरवाले बोलले तर लोक झोपतील. तू बोल." आता झोप आली तर जबाबदारी डॉक्टरांची!

आपण पडद्यावर 'राखीव करा' हे बटण दाबतो ना, तेव्हा आत डेटाबेसमध्ये ताईंनी लिहून ठेवलेलं एक काम चालू होतं. त्याला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. ते आधी त्या गटाच्या पिशव्यांची यादी पाठवतं आणि सगळ्यात शेवटी एक आकडा. शून्य म्हणजे पिशवी राखीव झाली. एक म्हणजे नाही झाली. इतकं सोपं. आणि तरी चार वर्षांपूर्वी एके दिवशी आमची वाट लागली.

घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात दर्शना नावाची बाई सिझेरियनसाठी दाखल होती. गट ओ निगेटिव्ह. तिच्यासाठी मी बटण दाबलं, पडदा हिरवा झाला, म्हणजे पिशवी राखीव. तिच्या नवऱ्याला, प्रीतमला, मी फोनवर म्हटलं, "निश्चिंत या." तो आइसबॉक्स घेऊन आला तेव्हा तिकडे तिला रक्तस्राव सुरू झाला होता. मी फ्रीज उघडला. पिशवी नाही! ओ निगेटिव्हची शेवटची पिशवी मी बटण दाबायच्या आधी, सकाळीच, अपघातातल्या एका पेशंटला गेली होती. प्रीतम काउंटर धरून उभा. "मॅडम, हिरवं होतं ना?" एवढंच विचारत होता तो. मी वर ताईंना फोन लावला.

ताई खाली आल्या. कुणाचं चुकलं, हा विषयच काढला नाही. फोन उचलला आणि एकेका रक्तपेढीला विचारायला लागल्या. ठाण्याच्या एकाने सांगितलं, "आहे, स्क्रीनवर दिसतेय." ताई म्हणाल्या, "दिसतेय ते राहू दे, भाऊ. फ्रीज उघड, पिशवी हातात घे, नंबर वाचून दाखव. मी लाइनवर आहे." मी मध्येच ओरडले, "ताई, मिळाली ना, ठेवा फोन!" तर माझ्यावरच मालवणीत डाफरल्या, "गो, थांब मगे! पुरता आयकान घे!" म्हणजे, आधी पूर्ण ऐकून घे! नंबर वाचून झाला, तेव्हाच प्रीतमला रिक्षात बसवलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. दर्शना वाचली होती, मुलगी झाली होती. मी काउंटरखाली तोंड लपवून रडले.

मग घोळ काय होता? आपला देवेश, तो बघा, मान खाली घालून बसलाय. ताईंच्या कामाला पडद्याशी जोडणारा प्रोग्राम त्याचा. त्याने तो आकडा विचारला होता, पण यादी अजून येत असतानाच. आकडा तर यादी वाचून बंद केल्याशिवाय येतच नाही! त्याच्या हाती काहीच आलं नाही, आणि प्रोग्रामने 'काहीच नाही' याचं शून्य करून टाकलं. शून्य म्हणजे राखीव. झालं हिरवं! आत ताईंची प्रोसिजर बिचारी 'एक' सांगत होती, ऐकायला कोणी थांबलंच नव्हतं.

देवेश राजीनामा घेऊन ताईंकडे गेला. ताई म्हणाल्या, "तू गेलास तर हे दुरुस्त कोण करणार? बस इथे." दोघांनी मिळून दुरुस्त केलं. आता यादी पूर्ण वाचून बंद होते, मग आकडा घेतला जातो, आणि आकडा आलाच नाही तर पडदा लाल. वर ताई म्हणाल्या, "इतक्या सहज हुकेल असं उत्तर मी ठेवलं, ते माझंही चुकलं." असं म्हणणारे वरिष्ठ किती जणांना मिळतात हो? ताई, उद्यापासून तुमची खुर्ची देवेशची. तुम्ही काळजी करू नका. आम्हीही करणार नाही, आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय.

इतका वेळ ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, मानपानात काही राहिलं असेल, तर आपली मीरा म्हणून पोटात घाला.

आणि ताई, एक बातमी तुमच्यासाठी राखून ठेवली होती. गेल्या आठवड्यात दर्शना येऊन रक्त देऊन गेली. लेक आता बालवाडीत जाते म्हणाली. आज सकाळी बोरिवलीहून एका बाळंतिणीसाठी ओ निगेटिव्हची मागणी आली, आणि आपल्याकडे तेवढी एकच होती, दर्शनाची. ती मी पाठवली. तुमचा सत्कार चालू असताना तिकडून फोन आला. पूर्ण ऐकून घेतला, ताई. आई आणि बाळ, दोघंही सुखरूप आहेत.