गोळाभाताची चावी

गुपित कसं ठेवायचं ते मले कोणी शिकवू नका गा, मी त्यातच एमएस्सी केली आहे. आमच्या नागपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर यायचा होता तेव्हाची गोष्ट. प्रकल्प गुप्त लिपीचा, परीक्षक पुण्याचे सर. मी वर्गात संदेश आकड्यांत बदलून चपराशाजवळ द्यायचा, आणि व्हरांड्यापलीकडच्या खोलीत माझा जोडीदार देविदास आमचा ठरलेला शब्द, म्हणजे चावी, लावून तो उलगडणार. सर म्हणजे शत्रू. त्यांनी तो शब्द माहीत नसताना संदेश फोडून दाखवायचा.

सरांनी बराच वेळ डोकं खाजवलं, घाम पुसला, शेवटी म्हणाले, "नाही बुवा फुटत. पूर्ण मार्क द्यावे लागणार तुम्हाला."

तेवढ्यात व्हरांड्यापलीकडून आवाज आला, "अबे सुध्या, चावीचा शब्द कोणता ठरला होता गा?"

आता आपल्याकडे हाक आली की ओ देणं भागच. मी खिडकीतून त्याच्या दुप्पट आवाजात ओरडलो, "गोळाभात!"

"म्हणजे जुनाच ना? बदलला तर नाही?"

"जुनाच आहे बे!"

सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तुमचे मार्क मी गुप्त लिपीतच लिहितो," ते म्हणाले. "चावी देविदासजवळ ठेवतो, म्हणजे सगळ्या नागपूरला कळतील."