शेजारी ठेवलेलं प्रस्थान

मंडळी, कीर्तनाला बसलाच आहात, तर एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, घाईनं दिलेली उत्तरं बहुधा खोटी असतात! माणूस घरातून निघाला, असं कधी म्हणायचं? तारीख ठरली तेव्हा? सामान बांधलं तेव्हा? की उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं तेव्हा?

हसताय? हसा. ह्या एका प्रश्नात एका बाईची अकरा वर्षं गेली. ऐका!

तासगावच्या पुढं बोरवडी नावाचं गाव. तिथं त्र्यंबकशास्त्री राहायचे. पंचांग म्हणजे त्यांचा तिसरा डोळा! लग्न असो, विहीर खणायची असो, म्हैस आणायची असो, शास्त्रीबुवांना विचारल्याशिवाय बोरवडीत पान हलत नसे. अख्ख्या गावाला कधी निघायचं ते सांगणारा माणूस. आणि स्वतः? स्वतः कोल्हापूरच्या पुढं गेलेला नाही!

त्यांची बायको कुमुदकाकू. पोरंबाळं नाहीत. घर, देव, अंगणातली जास्वंद, एवढाच संसार. आणि शेजारी, बरोबर दक्षिणेला, अन्नम्मा सिस्टर. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, कोचीच्या, नवरा गेल्यावर इथंच राहिल्या. अर्ध्या गावाची बाळंतपणं ह्या बाईनं केलेली. इथं बसलेल्यांपैकी कुणी त्यांच्या हातचे असाल, तर मनातल्या मनात नमस्कार करा.

दुपारी दोघी ओट्यावर तांदूळ निवडत बसायच्या आणि सिस्टर कोचीच्या गोष्टी सांगायच्या. "कुमुदताई, आमच्या गावात एका गल्लीत चर्च, पुढच्या गल्लीत मशीद. ज्यूंचं जुनं देऊळ आहे. कोकणी लोकांचं तिरुमलाचं देऊळ आहे, तिथली माणसं बोलली की तुम्हाला निम्मं कळेल! गुजरात्यांची पेढी, तमिळ धोब्यांची वाडी. आणि संध्याकाळी सगळे समुद्रावर. कोण कुठल्या देवाचा, ते वाळूत ओळखू येत नाही."

कुमुदकाकूंच्या हातातलं सूप थांबायचं. "सगळे एकाच वाळूत?"

"एकाच. मोठी मोठी जाळी आहेत, लाकडी खांबांवरची. चार माणसं दोर ओढतात, तेव्हा एक जाळं पाण्यातनं वर येतं."

ह्या बाईनं समुद्र पाहिला नव्हता हो! पन्नाशीला आलेली बाई. एक दिवस ताट वाढताना म्हणाली, "अहो, एकदा समुद्र दाखवाल?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "दाखवीन की! त्यात काय!"

आणि पंचांग उघडलं. इथंच घात झाला, मंडळी.

कोची म्हणजे दक्षिण. दक्षिणेला गुरुवार वर्ज्य, दिशाशूल! पंचकात दक्षिणेला जायचं नाही. अमावास्या नको, भद्रा नको, काकूंच्या राशीला वाईट तो घातचंद्र नको. हे सगळं टाळून जो दिवस हाती आला, त्या दिवशी गावात कुणाची तरी वास्तुशांत! मग शास्त्रीबुवांनी शास्त्रातली सोय काढली. प्रस्थान ठेवायचं.

तरुण मंडळींनो, प्रस्थान ठाऊक आहे? मुहूर्त चांगला आहे, पण त्या घडीला निघता येत नाही. मग पिवळ्या फडक्यात सुपारी, हळकुंड, अक्षता बांधायच्या आणि जायचंय त्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं. तुमच्या वतीनं ते निघालं! मग पाच दिवसांत तुम्ही निघायचं. केवढी शहाणी सोय आहे बघा! माणसाचं अडू नये म्हणून शास्त्रानं दिलेली पळवाट. आणि आमच्या शास्त्रीबुवांनी त्या पळवाटेतच मुक्काम ठोकला!

दक्षिणेचं घर सिस्टरचं. काकू स्वतः पुरचुंडी बांधून नेऊन द्यायच्या. सिस्टर ती मेरीमातेच्या तसबिरीपुढं, मेणबत्तीशेजारी ठेवायच्या. पाचवा दिवस यायचा आणि काहीतरी आडवं यायचं. कधी मांजर, कधी सुतक, कधी मागून कुणीतरी हटकायचं, "कुठं निघालात?" की परत मुहूर्त, परत नवी सुपारी.

काकू प्रवासासाठी दशम्या करायच्या, दुधातल्या, आठ दिवस टिकणाऱ्या. त्या दशम्या दोघं घरीच पाटावर बसून खायचे. अकरा वर्षं!

पेटीवाले, जरा हळू. पुढचं हळू सांगायचंय.

शेवटच्या वेळी सगळं जुळलं होतं. वार चांगला, चंद्र चांगला. काकू हिरवं लुगडं नेसून, पिशवी धरून दारात उभ्या. शास्त्रीबुवांनी माळ्यावरची बॅग काढली, धूळ उडाली, आणि कोण शिंकलं? स्वतः शास्त्रीबुवा!

हो, हसू येतंच. मलाही येतं. पण त्या दारातल्या बाईकडं बघा.

शास्त्रीबुवांनी बॅग खाली ठेवली. म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू गं."

काकू आत गेल्या, लुगडं बदललं, घडी घालून ठेवलं. शास्त्रीबुवा ओट्यावर बसून राहिले, आणि मंडळी, त्यांना हायसं वाटलं. हायसं! कारण शिंक हे निमित्त होतं. खरी होती ती भीती. बोरवडीत ते शास्त्रीबुवा होते. त्या परक्या गावात, त्या हजार भाषांच्या गर्दीत, त्यांना कोण विचारणार होतं? कधी जेवायचं, कुठं वळायचं, हेसुद्धा दुसऱ्याला विचारावं लागलं असतं. त्या माणसाला हे सोसणार नव्हतं, आणि हे तो कुणापाशी, अगदी बायकोपाशीही बोलला नाही.

चार महिन्यांनी काकू गेल्या. तीन दिवस ताप, बस्स. तिनं मुहूर्त विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी अस्थी आल्या. शास्त्रीबुवा अंगणात बसलेले. सिस्टर आल्या आणि पिवळी पुरचुंडी पुढं ठेवली. "शास्त्रीबुवा, तुमचं प्रस्थान माझ्याकडं राहिलं होतं."

केवढी जड ती! गाठ सोडली, तर सुपाऱ्या घरंगळल्या. एक नाही, ओंजळभर. जुन्या, काळ्या पडलेल्या, कीड लागलेल्या. काकूंनी आधीची सुपारी कधी काढलीच नव्हती!

"मी विचारलं होतं त्यांना," सिस्टर म्हणाल्या. "तर म्हणाल्या, असू दे गं. मी नाही, तर सुपारी तरी एक घर पुढं गेली."

एक घर! अकरा वर्षांत ती बाई समुद्राकडं एक घर सरकली, मंडळी.

शास्त्रीबुवा रडले नाहीत. उठले, अस्थींचा कलश घेतला, सुपाऱ्या पुन्हा बांधल्या. "सिस्टर, येता का? मला वाट माहीत नाही." अख्ख्या आयुष्यात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं.

वेशीवर कुणीतरी मागून ओरडलं, "शास्त्रीबुवा, आज गुरुवार! पंचक आहे, आणि दक्षिणेला? कुठं निघालात?"

ते वळले नाहीत. म्हणाले, "कुमुदला समुद्र दाखवायला."

मिरजेला गाडी धरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोचीच्या वाळूवर उभे. सगळं सिस्टर सांगायच्या तसंच! बुरख्यातल्या बायका, गळ्यात क्रूस घातलेल्या म्हाताऱ्या, गंध लावलेले कोकणी, गोरे पाहुणे, सगळे एकाच वाळूत. कलश बघून जाळ्याच्या माणसांनी दोर ओढायचा थांबवला. कुणी विचारलं नाही, तुम्ही कोण. एका टोपीवाल्या म्हाताऱ्यानं पायातल्या चपला काढल्या आणि उभा राहिला.

गुडघाभर पाण्यात शास्त्रीबुवांनी अस्थी सोडल्या, मागून सुपाऱ्या सोडल्या. सूर्य टेकला होता, पाणी तांबडं झालं होतं. आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं ते वळून म्हणाले, "बघितलंस का गं?"

मागं सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला. शास्त्रीबुवा तिथंच पाण्यात मटकन बसले.

शास्त्राला दोष देऊ नका हं! मीसुद्धा पंचांग बघूनच इथं आलोय. शास्त्रानं निघण्याची वेळ सांगितली, न निघण्याचं निमित्त आपण काढलं. तेव्हा सांगा, तुमचं प्रस्थान कुणाच्या घरी पडलंय? "रिटायर झालो की नाम घेईन." "पोरीचं लग्न झालं की भावाशी बोलेन." "पुढच्या वर्षी हिला नेईन." किती सुपाऱ्या झाल्या? देव काठावर उभा आहे हो, आणि आपण ओट्यावर बसून दशम्या खातोय!

अस्थींना मुहूर्त लागत नाही, मंडळी. आज माझ्याकडून बुक्का लावून घ्यायला थांबू नका. आरती मी आणि पेटीवाले करतो. तुम्ही उठा, घरी जा, आणि जिला "बघू गं" म्हणालात, तिच्यासमोर जाऊन उभे राहा. बोला, पांडुरंग हरी!