ओमेश्वरीचं बोट

हाताचं प्लास्टर कापून घ्यायला तिलक दवनीवाड्याहून गोंदियाला हाडांच्या डॉक्टरकडे आला होता. मागच्या बाकावर दोन जावा येऊन टेकल्या. धाकट्या ओमेश्वरीला डॉक्टरांनी आत्ताच तपासलं होतं.

"कायले घाबरून राहिली? कॅन्सर नाही म्हणला न डॉक्टर."

"घाबरत नाही, बाई. पिनेच्या डोक्यानं त्यानं नख दाबत नेलं, तं एकाच जागी असी कळ आली का जीवच गेला वाटला."

"मंग दंडाले बीपीचा पट्टा बांधून फुगवला, तेव्हा?"

"तीच जागा दाबली, पन काहीच नाही दुखलं. रगत थांबलं का कळ थांबते, म्हन्ते. म्हणून रगताच्या नसांची गाठच हाये. मोहरीएवढी, नखाच्या खाली."

"मंग आता एमआरआय काऊन?"

"नेमकी कुठं बसली ते पाहून मंग कापन."

"सहा वर्सं झाली. फोटोत हाड साफ दिसे, म्हणून सारे नखरा म्हणत."

"तुमी बी म्हणत होत्या."

"म्हणत होती. थंड पान्याले हात लागला का तू वरडे. मले वाटे, कामचोर हाये."

"तरी सहा हिवाळे माह्या वाटचे भांडे तुमीच घासले."

"घासले."

आतून तिलकच्या नावाचा पुकारा झाला. तो बसूनच राहिला.

"खोटं वाटत होतं तं काऊन घासले, बाई?"



"तू रडत होती न वो."